नाना ड्यूटी लावतात

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि अकरावीचं कॉलेज धड सुरू व्हायला ऑगस्ट उजाडतो. मधल्या काळात घरात पंधरा-सोळा वर्षांचा, नुकतंच मिसरूड फुटलेला, दुपारी बारापर्यंत झोपणारा आणि रात्री दोनला फ्रीज उघडून त्यासमोर उभा राहणारा एक इसम वावरत असतो. पहिले आठ दिवस आई 'दमलाय बिचारा' म्हणून त्याच्या अंगावर पांघरूण घालते. नवव्या दिवशी तेच पांघरूण ओढते आणि नानांच्या दाराची बेल वाजवते.

"नाना, याला कुठंतरी चिकटवा हो."

प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक आळीत एक नाना असतोच. कुठं त्याला अण्णा म्हणतात, कुठं तात्या, कुठं नुसतंच सर. गावातले सगळे दुकानदार त्याच्या ओळखीचे असतात, निदान तो तसं सांगतो. त्याला स्वतःला कुणी कसलंही काम सांगितलेलं नसतं, म्हणून इतरांना कामाला लावायला त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. आमचे नाना कोथरूडचे. अख्खी नोकरी एस. टी.त, चालक-वाहकांच्या ड्यूट्या लावण्यात गेली. उन्हाळा हा एस. टी.चा खरा हंगाम. लग्नसराई, गावोगावच्या जत्रा, आजोळी निघालेली चिल्लीपिल्ली, जादा गाड्या, आणि नेमकं याच वेळी रजेचे अर्ज टाकणारे कंडक्टर. त्या तक्त्यात एकाला नगरला, दुसऱ्याला महाडच्या मुक्कामी गाडीवर आणि तिसऱ्याला 'तुझी रजा नामंजूर' म्हणून परत पाठवण्यात नानांचे उन्हाळे गेले. निवृत्त झाले तरी एप्रिल लागला की त्यांचे हात शिवशिवतात. आता गाड्या नाहीत, तेव्हा पोरं.

त्यांच्याकडे एक लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. तिच्यात मुलांची नावं नाहीत, फ्लॅटचे नंबर आहेत. नाना मुलांना त्याच नंबरानं हाक मारतात. "एकशे दोन, तू आंब्यावर. तीनशे चार, तू कार्यालयात. चारशे तीन अजून उठला नाही का?" पोरांनाही त्यात गैर वाटत नाही. एकशे दोनच्या आईनं त्याला कुलदैवताच्या नावावरून ठेवलेलं नाव आता फक्त तिच्या आणि शिक्षण मंडळाच्या लक्षात आहे.

वहीत रकाने पाच. अनुक्रमांक, फ्लॅट, वय, नेमणूक. आणि पाचव्या रकान्यात लिहायचं 'अनुभव' किंवा 'पैसे', पुढं पालकाची सही. हा पाचवा रकाना नानांनी मागाहून वाढवला, कारण येणारा प्रत्येक पालक पहिल्या तीन वाक्यांत एक वाक्य म्हणतोच: "पैशाचं काही नाही हो नाना, अनुभव महत्त्वाचा." पंधरा दिवसांनी तोच पालक जिन्यात गाठून हळूच विचारतो, "ते… दिवसाचे किती देतात म्हणालात?" तेव्हा नाना म्हणाले, तोंडी नको, लेखी द्या. सगळ्यांनी 'अनुभव' लिहून दिलं. इंग्रजीत सही केली.

पालकांच्या अटी ऐकण्यासारख्या असतात. मुलाला कष्टाची किंमत कळली पाहिजे, पण उन्हात नको. माणसांत मिसळला पाहिजे, पण उभं राहायचं काम नको, त्याची टाच दुखते. चार लोकांशी बोलायला शिकला पाहिजे, पण त्या चार लोकांत आपल्या ओळखीचं कुणी नको. शिवाय घरापासून चालत दहा मिनिटांत.

"असं एक ठिकाण आहे," नाना गंभीरपणे सांगतात. "तुमचंच घर."

बापांची तऱ्हा निराळी. ते अटी घालत नाहीत, आठवणी सांगतात. ते दहावीत असताना पहाटे उठून दूध टाकायचे, दिवाळीत आकाशकंदील करून विकायचे, शिवाय पहिला नंबर. हे सगळं ते मुलासमोर सांगतात आणि मुलगा आजोबांकडे बघतो. आजोबा छताकडे बघतात.

मुलाखत नाना स्वतः घेतात. सुरुवात भाषणानं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, इथून नाना निघतात. स्वतः साताऱ्याला वसतिगृहात राहून, उसाला पाणी देऊन शिकलेले, त्यामुळे 'कमवा आणि शिका' त्यांच्या दृष्टीनं योजना नाही, घरची गोष्ट आहे. तिथून ते १ जून १९४८ ला येतात, कारण त्या दिवशी पुण्याहून नगरला पहिली एस. टी. सुटली. तिथून स्वतःच्या नेमणुकीच्या हुकमावर. तोवर समोरच्या पोराच्या मोबाइलची बॅटरी संपलेली असते, आणि माझा दाट संशय आहे की भाषणाचा हेतू तोच असावा. मोबाइल मेला की नाना टेबलाखालून वीसेक वह्या आणि सुतळीचं बंडल काढतात.

"बांध."

"त्यानं पायथॉन केलंय, नाना," आई मध्येच म्हणते.

"उत्तम. आता गठ्ठा करू दे."

पायथॉन केलेला मुलगा सुतळीकडे बघत राहतो. मग वह्यांना एकाच बाजूनं सहा वेढे घालतो, बुटाच्या नाडीला मारतात तशी गाठ मारतो आणि गठ्ठा उचलतो. वह्या खालून घसरून नानांच्या पायावर पडतात. नाना मग खाली बसतात. सुतळी एकदा आडवी, खाली पीळ देऊन एकदा उभी, गुडघ्यानं गठ्ठा दाबायचा, ताण सुटू न देता फास घ्यायचा, आणि शेवटी सुतळी बोटाला वेढून एका झटक्यात तोडायची. कात्री नाही, दात नाहीत. हा झटका जमायला पोरांना दोन दिवस आणि एक सोललेलं बोट लागतं. तो जमला की त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते नव्वद टक्क्यांच्या वेळी आलं नव्हतं, असं त्याची आईच सांगते. गाठ जमलेला मुलगा मग अप्पा बळवंत चौकात. मेच्या शेवटाला तिथं वह्या-पुस्तकांची अशी झुंबड उडते की माळ्यावरून 'नववी सेमी, पूर्ण संच' खाली टाकणाऱ्याला आणि खाली झेलणाऱ्याला मान वर-खाली करण्यापलीकडे आयुष्य उरत नाही.

कायद्याच्या बाबतीत नाना पक्के. चौदा पूर्ण नसेल तर वहीला हात लावू देत नाहीत. २०१६ ला बालकामगार कायदा बदलला, चौदाच्या आतल्या मुलाला कुठंच कामावर ठेवता येत नाही. सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावायला तेवढी मुभा. चौदा ते अठरामधल्यांना धोक्याची कामं बंद. एक काळजीवाहू आई "पण नाना, सेफ आहे ना हो?" असं चौथ्यांदा विचारती झाली तेव्हा नाना म्हणाले, "वहिनी, कायद्यानं खाण आणि स्फोटकं मला बंद आहेत, म्हणून तर याला वाचनालयात लावतोय."

चारशे तीनचे वडील सी. ए. आहेत. त्यांना वेगळीच चिंता. मुलाचं उत्पन्न आपल्या उत्पन्नात धरलं जाईल का? नाना म्हणाले, "साहेब, अज्ञान मुलाचं व्याज-बीज बापाच्या उत्पन्नात जातं. अंगमेहनतीनं मिळवलेलं जात नाही. हे तुम्ही मला सांगायचं." शेजारच्या वकीलसाहेबांनी दुकानदाराशी रीतसर करार करण्याचा आग्रह धरला, तर नानांनी १८७२ चा कायदा काढला: अज्ञान माणसाशी केलेला करार मुळातच रद्दबातल. वकीलसाहेब तेव्हापासून लिफ्ट न घेता जिन्यानं जातात. नानांचे नियमही ठरलेले. सहा तासांच्या वर काम नाही, मध्ये बसायला मिळालं पाहिजे, यंत्राजवळ पोर उभं राहणार नाही, पगार रोजच्या रोज किंवा शनिवारी, आणि फुकट राबवणाऱ्या दुकानात मुलगा मिळणार नाही. रसवंतीवाल्यानं एकदा 'जरा चरक फिरवू दे की' म्हणून पाहिलं. नानांनी पोर तिथल्या तिथं काढून घेतलं आणि जाताना आल्याचा रस, बर्फ कमी, असा एक पेला पिऊन गेले.

डिलिव्हरीचं काम हा दरवर्षीचा वाद. पोरांना गाडी उडवायची असते. नाना लायसन्स मागतात. अठराच्या आत गियरची गाडी नाही, सोळाला फक्त पन्नास सी. सी.च्या आतली बिनगियरची, आणि ती आता शोधून सापडत नाही. पकडला तर पंचवीस हजार दंड आणि बाप आत. हे ऐकल्यावर बाप स्वतःच सायकलची हवा तपासायला जातात.

आता एकशे दोनची गोष्ट. त्याला नानांनी आंब्याच्या दुकानावर लावला. दुकान कसलं, शाळेसमोरच्या फुटपाथला लागून मांडव, पेट्यांची चळत, मागं गवताची आढी. पोरगा सालस. आणि खोटं बोलता न येणं हा त्याचा जन्मजात दोष. दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ आले. पुण्यातला माणूस आंबा घेताना आधी आंबेवाल्याची उलटतपासणी घेतो, तशी त्यांनी सुरू केली.

"देवगड ना?"

"पेटी देवगडची आहे," एकशे दोन म्हणाला.

"आणि आंबा?"

"आंब्याचं मालकांना विचारा."

मालकांनी त्याला संध्याकाळी नानांच्या दारात आणून उभा केला. नाना म्हणाले, "२०१८ ला कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालंय. आंब्याला मिळालंय, लाकडाला नाही. पोराचं काय चुकलं?" पण ड्यूटी लावणाऱ्याला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. एकशे दोनची बदली पुढून मागं झाली, आढीवर. तिथं तो गवतात हात घालून एकेक फळ उलटायचं, डाग पडलेलं वेगळं काढायचं, देठाशी नाक नेऊन आज, उद्या की परवा हे ठरवायचं शिकला. चार दिवसांनी ते उलटतपासणीवाले गृहस्थ परत आले आणि "तो खरं बोलणारा मुलगा कुठाय?" म्हणून त्यांनी मांडव डोक्यावर घेतला. बरोबर आणखी दोघं. मालक धंदेवाईक माणूस. त्यांनी दोन ढीग केले, एक नक्की देवगडचा आणि एक नुसता 'हापूस', आणि पहिल्या ढिगावर एकशे दोनला बसवला. त्या ढिगाचा भाव डझनामागं तीनशेनं जास्त होता. सत्याला बाजारात एवढा भाव मिळालेला मी प्रथमच पाहिला.

दोनशे एक ही मुलगी. तिच्या आजीचं म्हणणं, मुलीच्या जातीनं दुकानात उभं राहू नये. नानांनी वाद घातला नाही, तिला गणपतीच्या कारखान्यात लावली. देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? हे लोकांना माहीत नसतं, पण भाद्रपदातले गणपती रंगतात ते वैशाखात. ती चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा 'अ' श्रेणीत पास झालेली, त्यामुळे आपण जाऊन थेट डोळे आखणार अशा समजुतीत होती. डोळ्यांची आखणी मालक स्वतः करतात, पहाटे, कुणाशी न बोलता. हिला पंधरा दिवस उंदीर दिले. मग बढती मिळून पितांबरावर आली. महिनाभर पिवळा. हळदीकडे पाहिलं की आता मला मळमळतं, असं ती सांगते, पण पुढच्या उन्हाळ्यात तिची सोंडेवर नेमणूक व्हायची आहे म्हणून क्लासची बॅच तिनं आत्तापासून संध्याकाळची घेतली आहे.

आणि तीनशे चार. हे प्रकरण सोसायटीत अजून चघळलं जातं. उंच, देखणा मुलगा. नानांनी त्याला कर्वे रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात वाढपी म्हणून लावला. तिथं अजून पंगत उठते. त्याला मठ्ठा दिला, कारण नवख्याला मठ्ठाच देतात. सांडला तरी डाग पडत नाही. डोक्याला फेटा, हातात स्टीलचा जग, पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "मठ्ठा, मठ्ठा" करत फिरायचं, वाटी भरताना पाऊण भरायची, वर कोथिंबिरीचं पान आलं पाहिजे. तीन लग्नं व्यवस्थित पार पडली. चौथ्या लग्नात मुलाकडच्या पंगतीत डोंबिवलीची मावशी बसलेली.

"मठ्ठा?"

"अरे! तू?"

"हो. मठ्ठा वाढू?"

"तुझी आई कुठाय?"

"घरी. मावशी, वाटी पुढं कर, मागं लोक थांबलेत."

रात्री डोंबिवलीहून फोन, आणि सकाळी सातला तीनशे चारची आई नानांच्या दारात. तेव्हा मी पेपर घ्यायला बाहेर आलो होतो, म्हणजे आवाज ऐकून आलो होतो.

"नाना, माझ्या सख्ख्या बहिणीसमोर माझा मुलगा वाढप्याच्या वेषात! ह्यांच्या ऑफिसातलं कुणी असतं तर?"

"काय म्हणाल्या तुमच्या भगिनी?"

"काय म्हणणार? म्हणाली, दोनदा मागून जिलेबी आली नाही, मठ्ठा मात्र न मागता तीनदा वाढला."

"मग तक्रार जिलेबीची आहे," नाना म्हणाले. "जिलेबी आपल्याकडे नाही."

दुपारी त्याच मावशींचा नानांना फोन. त्यांचा धाकटाही दहावी होऊन घरात लोळतोय, त्याचं काही जमेल का? नानांनी खेदानं कळवलं की डोंबिवली आपल्या विभागात येत नाही.

नाना अधूनमधून तपासणीलाही निघतात. एस. टी.त मध्येच गाडी थांबवून तिकिटं तपासणारे असतात ना, तसे ते न कळवता दुकानात उगवतात, कोपऱ्यात उभे राहतात, मुलगा बसलाय की उभा, मोबाइल कुठाय, पाणी प्यायला की नाही हे पाहतात आणि वहीत खूण करतात. दुकानदार त्यांना चहा पाजतो. दिवसाला पाच ठिकाणी तपासणी म्हणजे पाच चहा. त्यातून नानांना पित्त होतं आणि त्याचा दोष ते उन्हाळ्याला देतात. काकूंचं मत विचाराल तर त्या पोळपाटावरची मान वर न करता सांगतात, "अख्ख्या गावाला कामं लावतात. घरात पाण्याचा ग्लास मात्र आपणहून चालत आला पाहिजे."

गेल्या एप्रिलमध्ये मात्र नानांच्या तक्त्यात एक अशी मागणी आली की वही तीन दिवस उघडी पडून राहिली. आमच्या इमारतीत पाच घरी पोळ्या करणाऱ्या मावशी आहेत. त्यांचा मुलगाही त्याच वर्षी दहावीला बसलेला. मावशी हात पुसत नानांच्या दारात आल्या.

"नाना, तुमी समद्यांच्या पोरांना कामं लावताय. माझ्या पोराला जरा सुट्टी लावा की."

नाना सवयीनं रजेचे नियम सांगायला लागले. अर्जित रजा, किरकोळ रजा. मावशी म्हणाल्या, त्यातलं मला काही कळत नाही. पोरगा पहाटे चारला उठून पेपरची लाइन टाकतो, ते ठीक आहे, ते सुटायला नको. शाळा होती तोवर संध्याकाळचा आणि आता दिवसभर भाजीच्या गाळ्यावर असतो. त्याला एम. एस. सी. आय. टी.च्या कम्प्युटर क्लासला बसायचंय, दुपारचे तीन-चार तास. गाळेवाला म्हणतो, ये नाहीतर सोड. आणि दुपारचे पैसे बुडाले तर फी कुठून?

"बदली माणूस लागेल," नाना म्हणाले.

तीन दिवसांनी रविवारी सकाळी त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये पालकांना बोलावलं. तक्ता भिंतीवर डकवलेला. मे आणि जून, दुपारी एक ते पाच, भाजीचा गाळा, आठवड्याला एक याप्रमाणे एकशे दोन, तीनशे चार, चारशे तीन वगैरे पाळीपाळीनं. मजुरी मूळ माणसाच्या खात्यावर.

हॉलमध्ये पंखा तेवढा फिरत होता. मग सी. ए. साहेबांनी घसा साफ केला. "म्हणजे… आमची मुलं काम करणार आणि पैसे त्याला?"

नानांनी वही उघडली, चष्मा लावला आणि पाचवा रकाना वरून खाली वाचून दाखवला. अनुभव, सही. अनुभव, सही. अनुभव, सही. "तुम्हाला जे पाहिजे होतं ते पूर्ण तुमच्याकडेच राहतंय," ते म्हणाले. "पैसे नको होते, ते फक्त तिकडे जातायत."

वकीलसाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. स्वतःच्या इंग्रजी सहीपुढं त्यांचाही नाइलाज होता.

पुढचे दोन महिने आमच्या भागातल्या भाजीच्या गाळ्यावर जे चाललं ते पाहायला मी रोज काहीतरी आणायला जायचो. घरात दुधी सडले. चारशे तीनला पहिल्या दिवशी शेपू आणि मेथी यांतला फरक कळेना, त्यानं गिऱ्हाइकालाच विचारून घेतलं. पावशेर म्हणजे किती हे तीनशे चारनं मोबाइलवर शोधलं. गाळेवाल्याचं म्हणणं, पोरं बरी आहेत, पण थँक्यू फार म्हणतात, गिऱ्हाईक बिचकतं. खरी गंमत आया आल्यावर. तीनशे चारची आई संध्याकाळच्या भाजीला नेहमीप्रमाणे आली. काउंटरवर चिरंजीव. तिनं गवार घेतली, वांगी घेतली, भावात दहा रुपये पाडायचा रिवाज पाळला आणि पिशवी पुढं करून म्हणाली, "वर थोडी कोथिंबीर टाक."

"कोथिंबीर दहाची आहे, आई."

"अरे, नेहमी तशीच देतात!"

"देत नाहीत, तू घेतेस. संध्याकाळी हिशेबात कमी पडते. तो मुलगा स्वतःच्या पैशातून भरायचा."

ती जुडी घेतली तिनं. दहा रुपये दिले. इमारतीतल्या समस्त वहिनींनी त्या आठवड्यापासून कोथिंबीर विकत घ्यायला सुरुवात केली, आणि त्यातल्या दोघी-तिघींनी मला सांगितलं की नानांचं हल्ली जरा अतीच होतंय.

मावशींचा मुलगा क्लासची परीक्षा पास झाला. पेपरची लाइन त्यानं सोडलेली नाही, पण गाळा सोडला. आता एका झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देतो. अकरावीच्या प्रवेशाचे आमच्या सोसायटीतले निम्मे फॉर्म त्यानंच भरले, पैसे घेऊन. त्याला दहावीच्या पुढं काय, हे सोसायटीतल्या कुणी विचारलं होतं असं मला आठवत नाही. नानांनी विचारलं, पण तेही मावशी दारात आल्यावर.

यंदाचा मार्च संपत आला तशी वही पुन्हा बाहेर निघाली. नानांकडे चहाला गेलो होतो तेव्हा सहज चाळली. सतरा फ्लॅट आहेत. पाचव्या रकान्यात सतराच्या सतरा पालकांनी स्वच्छ अक्षरात 'पैसे' लिहिलंय, आणि सह्या मराठीत केल्यात.